नंदाबाईंनी पाणी दिलं नाही

नवलाख उंबरे गावच्या नंदाबाई जवळच्याच एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. तिथल्या साहेबांना प्रत्येक विभागातून एक माणूस प्रथमोपचार शिकायला हवा होता. बाकीच्या बायांनी रक्ताचं नाव काढताच अंग काढून घेतलं. नंदाबाई त्या दिवशी उशिरा पोचल्या, तोवर त्यांचं नाव देऊन झालं होतं. त्या हौसेने गेल्या असा समज कोणी करून घेऊ नये.

शिकवायला शुभदा नावाची नर्स आली होती. मोठी जखम असली तर स्वच्छ कापड ठेवून अंगाचा भार टाकायचा, रक्त थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं कापड ठेवायचं. हळद, चहापावडर काही भरायचं नाही. एवढं नंदाबाईंना पटलं. अडलं ते पुढे. जबर जखमीला पाणी पाजायचं नाही, कारण ऑपरेशन करावं लागलं तर भूल देताना पोटातलं उलटून श्वासात जातं.

आता आमच्या मावळात माणूस पडला की आधी धावतो तो तांब्या. अशा वेळी पाणी नाकारणारा माणसातून उठतो. नंदाबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, फारच मागितलं तर? ओल्या फडक्याने ओठ टिपा, शुभदा म्हणाली. घरी येऊन नंदाबाई शेजारणीला म्हणाल्या, "त्या बाईला सासू नसंल."

नंदाबाईंना होती, आणि चांगली खमकी होती.

भात निघाल्यावर हरभऱ्यासाठी खाचर तयार करायचं काम चाललं होतं. नंदाबाईंचे मालक कैलास ट्रॅक्टरवर होते. मागे जोडलेल्या, माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांत पेंढा अडकला, तो काढायला ते यंत्र चालू ठेवूनच खाली उतरले. बंद करून कोण उतरतं? पात्याने मांडी फाडली आणि ते बांधावर फेकले गेले.

चुलत दीर गोरख जीप आणायला पळाला. नंदाबाई बांधावरच होत्या. भाकरी बांधून आणलेलं धुतलं फडकं त्यांनी घडी करून जखमेवर ठेवलं आणि कोपर ताठ करून दाबलं. ते भिजलं, तेव्हा वर गोरख बांधावर टाकून गेलेला टॉवेल ठेवला. कैलास पाणी मागत होते. सासू भरला तांब्या घेऊन आल्या.

"आत्याबाई, पाजू नका."

"माझं लेकरू मरतंय गं."

"व्हय. म्हणूनच न्हाई म्हणते."

सासू वाकल्याच. नंदाबाईंचे हात मोकळे नव्हते. त्यांनी डोक्याने तांब्या लोटला, निम्मं पाणी मातीत गेलं. पदर भिजवून ओठ टिपा, एवढंच त्यांनी सांगितलं. जमलेली माणसं काय बोलायची ते बोलली. कैलास तिऱ्हाईताकडे बघावं तसे बायकोकडे बघत होते. नंदाबाईंना रडू फुटलं, पण हात हलले नाहीत. नर्सने सांगितलेलं खोटं निघालं तर, एवढी एकच भीती त्यांच्या पोटात होती.

जीपमध्येही त्या तशाच दाबून बसल्या. सासू समोर, मांडीवर तांब्या घेऊन.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलंय का? सासू तक्रार करायला पुढेच झाल्या. "सकाळपासनं पोटात काय न्हाई. आन् हिनं घोटभर पानीसुदिक दिलं न्हाई माझ्या पोराला. विचारा तिला."

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, मग भूल द्यायला थांबायला नको," आणि कैलासना लगेच आत घेतलं.

सासू बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

ऊन कललं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. जिवाला धोका नाही, पायाचं हळूहळू बघू, म्हणाले. नंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोटं आखडली होती, मूठ उघडत नव्हती. सासू शेजारी येऊन बसल्या आणि तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी सुनेच्या ओठांना लावलं.

"पी," त्या म्हणाल्या. "तुला तरी चालतंय न्हवं?"