काकांची काजळी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका डिझेलच्या काजळीत जीव अडकलेला माणूस उभ्या नवी मुंबईत सापडायचा नाही. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात ट्रेलरची देखभाल करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचं पार्किंग हाच त्यांचा दवाखाना झाला. कुणाकडे पाहुणा आला की काका आधी त्याच्या गाडीच्या सायलेन्सरकडे जायचे, पांढराशुभ्र रुमाल बोटाला गुंडाळून नळीत फिरवायचे. रुमाल स्वच्छ निघाला तर "या, या, घरी सगळे बरे ना?" आणि काळा निघाला तर अशी उलटतपासणी, की माझे मेहुणे अजून गाडी बाहेर रस्त्यावर लावून चालत आत येतात. रुमाल धुणाऱ्या काकूंचं याबद्दल वेगळं मत होतं, पण ते छापण्यासारखं नाही.

एकदा माझ्या गाडीत पिवळा दिवा पेटला आणि सानपाड्याच्या पुलावर तिचा दमच निघाला. गॅरेजवाल्याने अख्खा फिल्टर बदलायला सांगितला. आकडा ऐकून माझाही दम निघाला. काकांनी आपला चिमुकला स्कॅनर स्टीअरिंगखाली लावला, मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि वैद्याच्या थाटात विचारलं, "रोज जातोस कुठे?"

"सीवूड्सहून बेलापूर. ऑफिसला."

"आणि टाकीत किती असतं?"

"असतं की... रिझर्व्हच्या आसपास."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, धुरातली काजळी हा फिल्टर धरून ठेवतो आणि इंजिन चांगलं तापलं की जाळून टाकतो. तू भट्टी तापायच्या आत विझवतोस, वर तिला उपाशी ठेवतोस! पोटात डिझेल नसेल तर ती काजळी जाळायचं नाव घेत नाही. फिल्टरला काय धाड भरलीय? तू कुठे लांब जात नाहीस, हा रोग आहे!"

मग त्यांनी सेन्सरची रबरी नळी फुटलेली नाही ना ते चाचपून पाहिलं, टाकी भरायला लावली आणि मला एक्स्प्रेसवेवर नेलं. चौथा गियर, एक लय. फूडमॉलकडे माझी मान जरा वळली, तर "वडा खायला थांबलास तर सगळं मुसळ केरात," असा दम मिळाला. थोडं पुढे गेल्यावर दिवा गेला. मला वाटलं, आता लोणावळा! पण काकांचा कायदा कडक होता. "गाडी बरी झाली. वळ. उगाच डिझेल जाळू नकोस." अशा किती गाड्या त्यांनी बऱ्या केल्या, आणि एकीलाही गरजेपेक्षा पुढे जाऊ दिलं नाही.

मागच्या वर्षी काकांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. तेव्हापासून ते रोज सकाळी खाली येऊन आपली जुनी गाडी सुरू करायचे, डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे आणि बंद करून वर जायचे. जागच्या जागी इंजिन चालवलं की फिल्टर तुंबतो, हे त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलं होतं. ते त्यांना सांगायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. व्हायचं तेच झालं, त्यांच्याच गाडीत दिवा पेटला. ऐरोलीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने गाडीला गिऱ्हाईक आणलं. काका एवढंच म्हणाले, "विक. पण दिवा पेटलेली गाडी मी कुणाच्या दारात पाठवणार नाही." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. काका शेजारी, मांडीवर मोबाईल, एक हात डॅशबोर्डवर ठेवलेला. खालापूरचा टोलनाका यायच्या आतच दिवा विझला. सवयीने मी वळायला इंडिकेटर दिला.

"थोडी राहिलीय," काका समोर बघत म्हणाले.

मी त्यांच्या मांडीवर पाहिलं. मोबाईलवर काजळीचा आकडा पार तळाला गेला होता. इतक्या वर्षांत काकांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हो काका, राहिलीय थोडी," मी म्हणालो आणि इंडिकेटर बंद केला.

थोड्या वेळाने फूडमॉलची पाटी दिसली.

"वडा खातोस का रे?" काकांनी विचारलं.