शेटजींची गादी

जुन्नरच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकांचा आमच्या शेटजींइतका मनापासून अपमान करणारा दुसरा कापडवाला तुम्हाला सापडणार नाही. त्यांचे पूर्वज राजस्थानातून कधी आले हे त्यांनाही ठाऊक नाही. रागावतात मात्र ते अस्सल जुन्नरी. भाव एकच, आणि साडी तिसऱ्यांदा उलगडायला सांगितली की विचारणार, "घ्यायचीय, का नुसती हवा द्यायचीय?" माझे वडील हे ऐकून घ्यायला महाळुंगे पडवळहून, वाटेतली सगळी दुकानं सोडून, जुन्नरला जात. तो वारसा मी निष्ठेने चालवतो आहे.

त्यातून त्यांच्या गादीचं सोवळं तर विचारूच नका. दुकानभर अंथरलेली पांढरीशुभ्र गादी, दिवाळीला लक्ष्मीपूजन तिच्यावरच. चपला पायरीखाली काढायच्या. एकदा एका पुढाऱ्याची चप्पल तिच्या कोपऱ्याला लागली, तर शेटजींनी ऐन लग्नसराईत खोळ बदलायला घेतली आणि तोवर त्याला रस्त्यात उभं केलं. त्याच्या लेकीच्या लग्नाचा सगळा बस्ता समोरच्या दुकानात गेला. "गादी ऱ्हायली ना," एवढंच शेटजी म्हणाले.

अशा माणसाकडे मी सोहमला नेलं. सोहम माझा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा. गर्दी, गोंगाट, अंगाला लागलेला हात, काहीही बिनसलं की तो किंचाळत जमिनीवर पडायचा. भोवती जमणारी माणसं फार दयाळू असतात. कुणी धपाटा सुचवायचं, कुणी देवऋषी, आणि सगळे मिळून त्याच्या आईकडे बघायचे. त्या बघण्यापायी तिने दोन वर्षं कुठल्या दुकानाची पायरी चढली नव्हती. आता तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं, आणि पोराला घरीच ठेवा, असा प्रेमळ निरोप आला होता. त्याला नेता आलं नाही तर आपणही जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. शेटजींचं दुकान ही आमची रंगीत तालीम.

त्याचे बूट काढायला मी पायरीपाशी वाकलो आणि तालीम तिथेच संपली. सोहम किंचाळला, माझा हात झटकून चिखलाच्या बुटांनिशी गादीवर धावला आणि आडवा पडून पाय आपटू लागला. बसलेल्या पाचसहा बायका त्याच्या आईकडे बघू लागल्या. बायको हळूच म्हणाली, "चला, जाऊ."

शेटजी उठले. मी मनातल्या मनात समोरचं दुकान गाठलं होतं. ते पायरी उतरले, आपल्या चपला पायात घातल्या आणि परत येऊन, चपलांसकट, सोहमपासून हातभर अंतरावर गादीवर बसले. मग बायकांवर खेकसले, "बघताय काय? आज चपला घालून बसायचंय. ज्याला जमत न्हाई त्यानं उद्या या." बायका मुकाट्याने चपला घालून आल्या. शेटजींनी घरघरणारा पंखा बंद केला, मांजरपाटाचा एक तागा सोहमच्या बाजूला सरकवला आणि पुढची साडी उलगडली. सोहम वीस मिनिटं ओरडत होता. तेवढ्यात दोन साड्या विकल्या गेल्या, एका बाईचा अपमानही झाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण शेटजी बघू देत नव्हते. शेवटी तो ताग्याला बिलगून शांत झाला.

"ताई, पोरगं दमलंय," शेटजी बायकोला म्हणाले. "तुमी निवांत बघा."

तिने चौदा साड्या बघितल्या आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा कुणाशी तरी घासाघीस केली. शेटजींनी एक रुपया सोडला नाही. उलट विचारलं, "घ्यायचीय, का नुसती हवा द्यायचीय?" ती खळखळून हसली. त्यांनी सवलत दिली असती, तर ती नक्की रडली असती. लग्नाला आम्ही तिघंही गेलो.

परवा आम्ही तिघंही पुन्हा जुन्नरला गेलो होतो. शेटजींचे गुडघे गेलेत, त्यामुळे गादीही गेली. आता काउंटर आहे, खुर्च्या आहेत, माणसं चपलांनिशी आत येतात. सोहम बारा वर्षांचा झालाय. त्याने पायरीखाली आपले आपण बूट काढले, जोडीने नीट लावले आणि अनवाणी आत जाऊन फरशीवर गादी शोधत उभा राहिला. शेटजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीतल्या खुर्चीत कण्हत वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. मग आम्ही दोघंही आमच्या काढायला पायरीकडे मागे वळलो.