उकिरड्यात पुरलेली डबी

ठाण्याच्या बाकावर ती बाई कशी बसली होती, ते आजही जसंच्या तसं आठवतं. डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. नवऱ्याला जाऊन चारच दिवस झाले होते आणि त्याला तिनंच मारलं असा तिच्यावर संशय होता.

मी तेव्हा प्रवरा पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "कोल्हारच्या पुढं वस्तीवर मयत झालीय साहेब. बायकोनं गोळी दिली अन् धा मिंटात मानूस गेला. जाळायची घाई चाललीय." एवढं बोलून फोन बंद. असे निम्मे फोन भावकीच्या भांडणातून येतात. पण प्रेत जळालं की पुरावाही जळतो, म्हणून फोन खरा की खोटा याचा विचार गाडीत बसल्यावर करायचा, हा माझा नियम होता.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मयत बेचाळीस वर्षांचा शेतकरी. पेरूची बाग, सहा गाई, नऊ वर्षांची एक मुलगी. वर्षभरापूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला होता आणि नगरला नेऊन स्टेंट बसवला होता. त्याची आई अंगणातच माझ्या पायाशी आली. "हिनंच मारलं माझ्या लेकाला! माझ्या डोळ्यांदेखत गोळी दिली. चांगला बसून बोलत हुता!"

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. विचारल्यावर एवढंच म्हणाली, "छातीत दुखतंय म्हनले. डॉक्टरनी सांगितलेली जिभंखालची गोळी मीच दिली. आधी पन दोनदा दिली हुती, तवा बरं वाटलं हुतं. या टायमाला घाम आला, चक्कर येतीय म्हनले अन् आडवे झाले."

पंचनामा केला, गोळ्यांची पट्टी जप्त केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीला पाठवायला सांगितलं. तो अहवाल यायला काही महिने लागतात. गावाला मात्र निकाल त्याच दिवशी लागला होता.

इथं माझी चूक सांगितली पाहिजे. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. घरी सासूसमोर ही तोंड उघडणार नाही, असं कारण काढून मी तिला तीन दिवस ठाण्यात बोलावलं. सकाळी दहाला आणायचं, संध्याकाळी सोडायचं. सोबत महिला हवालदार. गोळी कुठून आणली, पट्टीत किती होत्या, नवऱ्याशी भांडण होतं का, दुसरं कुणी आहे का, सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न मी तिला चार-पाच वेळा विचारला. दर वेळी ती "न्हाई" म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

तिनं एक गोष्ट मात्र नक्की लपवली होती. "ते दुसरं काही औषध घ्यायचे का?" या साध्या प्रश्नाला तिचे हात मांडीवरून उचलले गेले आणि पदराशी गेले. उत्तर तेच, "न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी पुन्हा भेटलो. ते म्हणाले, "ती गोळी त्याला वर्षभर चालत होती ना? मग त्याच दिवशी असं का व्हावं? तो ताकदीचं वगैरे काही घेत होता का, ते बघा. पुरुषांच्या त्या त्रासावरची इंग्रजी गोळी पोटात असेल आणि वरून जिभेखालची ही गोळी गेली, तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही."

मी ठाण्यात परत आलो आणि खोलीबाहेर थांबलो. महिला हवालदार वयानं मोठ्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि तिच्या शेजारी बसल्या. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचाच चेहरा उतरला होता. "साहेब, सांगितलं तिनं. तुम्ही तिच्या तोंडाकडं बघू नका, नुसतं ऐका."

मी आत जाऊन खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. ती सांगत गेली. आजारपणानंतर नवरा वेगळा झोपायला लागला होता. तिच्याशी बोलताना मान वर करत नव्हता. "मी म्हनलं, मला काय बी नको, तुमी हाईत यातच सगळं आलं. तर त्याचाच त्यांना राग आला. म्हनले, मला आता कोंडवाड्यातलं जनावर समजतीस." मग एका बाजारातून त्यानं चूर्णाची डबी आणली. संध्याकाळी दुधातून घ्यायचा. तिला माहीत नाही असं तो धरून चालायचा आणि तीही तसंच दाखवायची. मरणाआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तो हसायला लागला होता.

"डबी कुठं आहे?"

"ते गेले तवा गादीखाली हाताला लागली. लोक जमायच्या आत उकिरड्यात पुरली."

"अहो, पण का? तुमच्यावर खुनाचा संशय होता!"

"लोक हसले असते साहेब. मेलेल्या मानसाला हसू नये."

डबी निघाली. प्लास्टिकची, अर्धी भरलेली, झाकणावर झाडाचं चित्र, आतल्या मातकट चूर्णात पांढरे कण. मयताच्या मोबाईलमधल्या एका नंबरवरून आम्ही राजूरच्या बाजारात पोचलो. तिथं एक म्हातारा गोणपाटावर मुळ्या मांडून बसायचा. सफेद मुसळी, शतावरी, गोखरू, कवचबीज. आम्हाला बघून तो पळाला नाही. उलट एकेक मुळी हातात घेऊन दाखवायला लागला.

"मुसळी खरी हाय साहेब. पावसाळ्यात डोंगरात जाऊन मी सोता खनतो. माझा बाप बी हेच करायचा."

"मग चूर्णात पांढरं काय मिसळतोस?"

त्यानं हातातली मुळी खाली ठेवली. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "भस्म हाय म्हनून एक मोटारसायकलवाला देतो. चिमूटभर टाकायचं. मुसळीला दोन-तीन महिनं लागत्यात, पथ्य लागतं. गिऱ्हाईकाला आजच्या आज फरक पायजे. नुसती मुसळी कोन घेत न्हाई आता."

"त्याचं नाव, गाव?"

"न्हाई म्हाईत. पन खरंच लोकं परत येऊन पाया पडायची हो माझ्या. म्हनायची, बाबा, संसार वाचवला."

प्रयोगशाळेच्या अहवालात चूर्णात त्याच इंग्रजी औषधाची भेसळ निघाली, व्हिसेऱ्यातही निघाली. निष्काळजीपणामुळे मृत्यू आणि भेसळीचा गुन्हा दाखल झाला. म्हाताऱ्याला अटक केली. मोटारसायकलवाला सापडला नाही. म्हाताऱ्याकडं त्याचा नंबर होता, पण तो फोन दुसऱ्याच्या नावावर होता आणि तो दुसरा माणूसही मेलेला होता. आम्ही तीन तालुके पालथे घातले. बाजार तेच राहिले, गोणपाटं तीच राहिली.

अहवाल आला तेव्हा मी स्वतः वस्तीवर गेलो. तुमच्यावर संशय राहिला नाही, हे तिला तोंडानं सांगावं, असं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मी गोळी दिली नसती तर ते वाचले असते का?"

पोलिसाला खोटं बोलण्याची सवय असते. त्या दिवशी मला ते जमलं नाही. "सांगता येत नाही," म्हणालो, पण आधी गप्प राहिलो. तेवढ्यात तिला कळलं. मागं ओसरीवर बसलेल्या सासूलाही कळलं. "मी काय येगळं सांगत हुते?" म्हातारी म्हणाली.

महिनाभरात मुलीला घेऊन ती पाथर्डीकडं माहेरी गेली. समन्स बजावायला माणूस गेला तेव्हा ती भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली होती. दुसऱ्या वर्षी ती कोर्टात आली. बाहेर सासरची भावकी होती, वस्तीवरची माणसं होती. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून तिनं डबी ओळखली नाही. ठाण्यात दिलेला जबाब वाचून दाखवल्यावर म्हणाली, "मी असं काय सांगितलंच न्हाई."

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याला काही अशक्तपणा होता का?"

"न्हाई. लई धडधाकट हुते."

ती फितूर झाली, अशी नोंद झाली. म्हातारा सुटला. तुरुंगात त्याला दम्यानं धरलं होतं. सुटल्यावर तो डोंगर चढू शकला नाही, असं नंतर कानावर आलं. कोर्टाच्या आवारात ती माझ्यासमोरून गेली. मी काही विचारलं नाही. विचारण्याचा अधिकार मी त्या तीन दिवसांतच संपवला होता.

लोक विचारतात, पोलीस खात्यानं काय शिकवलं. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की माणूस मरणाला जेवढा भितो, त्याहून जास्त हसं होण्याला भितो. तो डॉक्टरांपुढं दोन वाक्यं बोलला असता तर आज बागेत पेरू तोडत असता. पण ती दोन वाक्यं आमच्याकडं कुणी बोलत नाही. नवरा बायकोशी नाही, बायको पोलिसांशी नाही, आणि खरं सांगायचं तर मी माझ्या डॉक्टरांशीही नाही. कायद्याच्या पुस्तकात यावर कलम नाही.

निवृत्तीनंतर एका गावात आरोग्य शिबिरात बोलायला बोलावलं होतं. नावं न घेता मी ही हकिकत सांगितली. चूर्णाचा विषय निघताच मागच्या रांगेत हशा झाला, मग सगळा मंडप हसला. मी तसंच पुढं बोललो आणि शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी कुणी हसत नव्हतं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

गाडीत बसताना चाळिशीतला एक माणूस जवळ आला. आजूबाजूला कुणी नाही हे त्यानं बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, राग येऊ देऊ नका. पण त्या मानसाला त्यानं फरक पडला हुता का?"