सरदारची संकष्टी

“काही म्हणजे काहीही खाल्लं नाही हो त्यानं काल!” पुष्पाकाकू तिसऱ्यांदा सांगत होत्या. त्यांच्या हातांवर सरदार मान टाकून पडला होता.

सरदार हा त्यांचा पॉमेरेनियन. पांढरा, केसाळ, नऊ वर्षांचा. वजन असायला हवं आठ किलो, भरायचं तेरा. काकू त्याला घेऊन आल्या की लांबून वाटायचं, कुणीतरी उशी उसवायला आणली आहे. एरवी दारातून आत येतानाच तो शरीफभाईंवर भुंकायचा. शरीफभाई माझे असिस्टंट. कुत्रं धरावं तर त्यांनीच. त्या सकाळी सरदारनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मॅडम, हा भुंकला नाही,” शरीफभाई हळूच म्हणाले.

पहिलं निदान तिथेच झालं. प्रकरण गंभीर होतं.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही, म्हणून त्याच्या माणसांची उलटतपासणी घ्यावी लागते. ती मला फार आवडते. चष्मा नाकावर घेते, आवाज खाली आणते आणि एकेक प्रश्न सोडते.

“उलट्या किती?”

“दोन. पहाटेपासून.”

“पाणी?”

“नको म्हणतो.”

“शू?”

“काल रात्रीपासून नाही.”

“घरात उंदराचं औषध?”

“छे!”

“काल काय खाल्लं?”

“अहो, सांगतेय ना, काही नाही! काल संकष्टी होती. तुम्हीच तर सही केलीत.”

सही मी खरंच केली होती.

एक जानेवारीला क्लिनिकमध्ये मी मोठ्या हौसेनं एक फळा लावला होता. वर लिहिलं होतं, ‘नव्या वर्षात आपल्या प्राण्यासाठी एक संकल्प’. लोकांनी मनापासून लिहिलं. रोज दात घासू. फटाक्यांच्या दिवसांत घरी थांबू. मांजराला मोबाईलच्या उजेडामागे पळवणार नाही. काकूंनी लिहिलं, ‘सरदार बिस्किटं बंद करेल आणि माझ्याबरोबर दर संकष्टीला उपवास करेल.’ मी खो खो हसले. म्हटलं, लठ्ठ कुत्र्याला महिन्यातून एक दिवस हलकं पोट, काय बिघडलं? खाली झोकात सही ठोकली. हा आमचा पहिला गाढवपणा. तो माझ्या नावावर.

सरदारचं पोट दाबलं तर तो कण्हला. हिरड्या कोरड्या होत्या. मी रक्त घेतलं आणि मशीनला लावलं. मशीन पंधरा मिनिटांत क्रिएटिनिनचा आकडा देतं. किडनी रक्तातला कचरा गाळते. तिनं काम सोडलं की तो कचरा साठतो आणि हा आकडा चढतो. सरदारचा आकडा हवा त्याच्या दुपटीवर गेला होता.

काल काहीही न खाल्लेल्या कुत्र्याची किडनी एका दिवसात का रुसावी? गोचीडताप? त्याला ताप नव्हता. उंदराचं औषध? काकूंचं घर माझ्या ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ.

तेवढ्यात सरदारनं स्वतःच साक्ष दिली. टेबलावर ओकला. शरीफभाई वर्तमानपत्र घेऊन धावले, वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

“मॅडम, मोती.”

मी पाहिलं. पांढरे, गोल, पारदर्शक दाणे.

“काकू, हे काय?”

“साबुदाणा.”

“काही खाल्लं नाही म्हणालात ना?”

“अहो, उपवासाचंच आहे ते!” काकू दुखावल्या.

मी खुर्चीत बसले. माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. माझ्या घरीही हेच चालतं. सासूबाई संकष्टीला खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याचा लाडू खाऊन ‘आज पोटात काही नाही’ म्हणतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. जेवलो नाही म्हणजे खाल्लं नाही. काकू खोटं बोलत नव्हत्या. मी पुण्याची असून प्रश्न परदेशी डॉक्टरसारखा विचारत होते.

चष्मा परत नाकावर आला.

“काकू, काल सरदारनं उपवासाला काय काय घेतलं?”

काकूंचा चेहरा खुलला. आता कसं विचारलंत! “सकाळी थोडी खिचडी. मग राजगिऱ्याचा लाडू. दुपारी बटाट्याचा कीस. रात्री चंद्र उगवल्यावर वरणभात वाढला, पण त्याला तोंडही लावलं नाही. आणि हो, मधूनमधून मनुके. बिस्किटं बंद केलीत ना, तर तोंडात टाकायला काहीतरी पौष्टिक हवं. काळे, रात्री भिजवलेले. यांच्या दुकानातले.”

“किती?”

“वाटीभर होते. सगळे त्यानंच संपवले, गुणाचा गं माझा.”

मनुका आणि द्राक्ष आपल्याला अमृत, कुत्र्याच्या किडनीला विष. सगळ्या कुत्र्यांना बाधतं असं नाही आणि कुणाला बाधेल ते आधी कळत नाही. खाल्ल्या खाल्ल्या आणलं तर ओकवून काढता येतं. इथे एक दिवस उलटला होता. उपाय एकच उरला. शिरेतून सलाईन सोडायचं आणि किडनी धुऊन काढायची. मात्र त्यात एक मेख आहे. आत घातलेलं पाणी लघवीवाटे बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर किडनी गेली असं समजायचं आणि सलाईनही थांबवायचं, कारण मग तेच पाणी फुप्फुसात भरतं.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या पदरानं सरदारचं तोंड पुसत राहिल्या.

अकराला काका आले. मार्केट यार्डात सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार, कपाळाला गंध, पायांत पांढऱ्या चपला.

“डॉक्टर, आमच्या मालात खोट आहे म्हणे?”

“माल उत्तम आहे, काका. कुत्र्याला चालत नाही, एवढंच.”

“चाळीस वर्षं मनुका विकतोय. आजवर एकाची तक्रार नाही.”

“त्यातलं चार पायांचं गिऱ्हाईक किती?”

काका टेबलाकडे वळले. सलाईनची नळी लावलेला सरदार डोळे मिटून पडला होता. काकांनी चपला काढल्या. का काढल्या, मला माहीत नाही. त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “काय रे गधड्या, सगळी वाटी?”

मग सुरू झालं वाट पाहणं. बारा वाजले. एक वाजला. सरदारखाली पांढरा टॉवेल घातला होता. चार मोठी माणसं त्या टॉवेलकडे टक लावून उभी. बाकीचे पेशंट आले, त्यांना इंजेक्शनं दिली, परत टॉवेल. काकू अथर्वशीर्ष पुटपुटत होत्या. शरीफभाईंचेही ओठ हलत होते. काका दर दहा मिनिटांनी विचारायचे, “झाली का?” दोन वाजता मी सलाईनचा वेग कमी केला. तो का केला, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मनात ठरवलं, चारपर्यंत बघायचं.

साडेतीनला सरदार धडपडत उठला. गरगर फिरला. टेबलाच्या कडेशी आला, मागचा पाय चार बोटं उचलला आणि काकांच्या काढून ठेवलेल्या पांढऱ्या चपलांवर नेम धरून धार सोडली. लांबलचक, आरामात, सरदाराला शोभेल अशी.

“झाली!” काका ओरडले. बाहेरच्या बाकावरचं मांजर पिंजऱ्यासकट उडालं. काकू रडायला लागल्या. शरीफभाईंनी वर बघून हात तोंडावरून फिरवले. आणि मी, वीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, टाळ्या वाजवत होते.

“काका, चपला धुऊन देते,” मी म्हटलं.

“हात लावू नका,” काका म्हणाले. “तशाच घालून जाणार.” गेलेही.

सलाईन तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला, पुढच्या आठवड्यात जागेवर. दहाव्या दिवशी सरदार शरीफभाईंवर असा काही भुंकला की त्यांनी त्याला सलाम केला. वजन पाऊण किलो घटलं होतं. “संकल्प पावला म्हणायचा,” काकू म्हणाल्या. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी जीभ चावली.

वजन कमी करायचा खरा मार्ग मी त्यांना कागदावर लिहून दिला. मोजून दोन वेळा जेवण, मधल्या वेळी काकडी किंवा गाजराचा तुकडा, रोज अर्धा तास चालणं आणि उपवास फक्त माणसांनी करायचा. बरोबर न देण्याच्या गोष्टींची यादी दिली. मनुका, द्राक्ष, चॉकलेट, कांदा. काका यादी दोनदा वाचून म्हणाले, “काजू नाही यात.” म्हटलं, काजूही नको, फार चरबी असते. त्यांनी सुस्कारा टाकला. धंद्याच्या दृष्टीनं सरदार वायाच गेला.

माझ्या केसपेपरवर ‘काय खाल्लं?’ हा प्रश्न पहिल्यापासून छापलेला आहे. त्याच्याखाली मी आता आणखी एक ओळ छापून घेतली आहे, ‘उपवासाचं काय खाल्लं?’ उत्तरासाठी जागा दुप्पट सोडली आहे.