पंखा मीच बसवला होता

लतीफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी होडीत माणसं बसवत होतो. धरणाच्या पलीकडच्या वाडीतली आठ-नऊ जणं इकडं मढ गावात कामाला आली होती, ती परत निघाली होती. फोन ठेवून मी म्हणालो, "जुन्नरचे लतीफ मिस्त्री गेले. आत्ताच, चहा पिता पिता गेले." मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "तोच ना, ज्याच्या पंख्यापायी यमुनाचं बाळ गेलं?" आणि मी... मी "हां, तोच" म्हणालो आणि दोरी ओढून मोटार चालू केली. माणूस जाऊन तास झाला नव्हता. ते बाळ लतीफभाईंच्या पंख्यानं गेलं नव्हतं, मी होडीच्या मोटारीला बसवलेल्या पंख्यानं गेलं होतं. चार वर्षं ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. आता मी एकटाच उरलो, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. पाण्याची न् आमची ओळख मेंढरं पाजण्यापुरती. तरी मी होडी घेतली, कारण पलीकडच्या वाडीला काठाकाठानं चालत यायचं तर तीन-साडेतीन तास मोडतात. मुंबईहून जुनी मोटार आणली, होडीच्या मागं टांगायची असते तसली. ती दुरुस्त करणारा जवळपास एकच माणूस होता. जुन्नरच्या एका बोळात लतीफभाई विहिरीच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरायचे, म्हणजे आत नवी तार गुंडाळायचे. दारातच पाण्यानं भरलेलं एक पिंप होतं, त्यात होडीची मोटार उभी करून ते ती चालवून बघायचे. अख्खा बोळ धुरानं भरायचा आणि शेजारचे शिंपी शिव्या घालायचे. लतीफभाईंच्या कानावर त्या कधी गेल्याच नाहीत.

पहिल्याच भेटीत मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "ही किती पळंल?" ते म्हणाले, "पळायचं मागनं बघू. माणसं किती बसत्यात ते सांग." मी म्हणालो, दहा. तर हा भला माणूस पुढच्या रविवारी धरणावर हजर, आणि म्हणे दहा माणसं आण. आता रविवारी रिकामी दहा माणसं कुठनं आणायची? धक्क्यावर बसलेल्यांना धरून बसवलं. वर गव्हाची दोन पोती टाकली. मग मोटार पूर्ण वेगात सोडून त्यांनी फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा बघितला. काटा वर चढेना, तसा त्यांनी पंखा काढून दुसरा लावला. मग तिसरा. दुपारपर्यंत आम्ही गोल गोल फिरत होतो आणि माणसं म्हणत होती, मिस्त्री, आता उतरवा राव, भूक लागली.

परतताना त्यांनी समजावलं ते अजून कानात आहे. "पंखा म्हंजी गिअर समज. एका फेऱ्यात लांब ढकलणारा पंखा म्हंजी टॉप गिअर. माळशेजचा चढ तू टॉपवर चढशील का? गाडी धापा टाकंल. रिकामी होडी कुठल्याबी पंख्यावर पळती, सखाराम. भरली की खरं कळतं."

त्यांनी बसवून दिलेल्या पंख्यावर माझी होडी तीन वर्षं चालली. हळू, पण दहा माणसं घेऊन वाऱ्यावरसुद्धा चालली. मग धरणावर पर्यटकांची एक नवी होडी आली. सुसाट. माझ्या शेजारनं फेस उडवत जायची आणि माझेच लोक मला चिडवायचे, "सखाराम, तुझी म्हस कवा पोचायची?" माझं टाळकं फिरलं. मी मुंबईला जाऊन मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात लांब ढकलणारा पंखा आणला आणि लतीफभाईंपुढं ठेवला. त्यांनी हातात घेतला, फिरवून बघितला, परत दिला. "मी नाय बसवणार. भरल्यावर रडंल ही."

मी घरी आलो आणि स्वतः बसवला. एक नट, एक पिन, त्यात काय एवढं! एकट्यानं होडी पाण्यात घातली तर काय सांगू, नाक वर करून उडाली नुसती. काठावर लोक उभे राहून बघत होते. कुणीतरी विचारलं, "कुणी करून दिलं रं हे?" आणि मी छाती फुगवून म्हणालो, "लतीफभाईनं." का म्हणालो? त्यांच्या नावाला वजन होतं, म्हणून. माझ्या हातानं बसवलेल्या पंख्यावर कोण बसणार होतं?

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या यमुनाला कळा सुरू झाल्या; दवाखाना अलीकडच्या काठाला. ती, तिचा नवरा, सासू, सुईण, सोबत गावची माणसं, होडी खच्चून भरली. समोरनं वारा. मी मोटार पूर्ण सोडली तरी काटा अर्ध्याच्या वर जाईना. मधोमध पाण्यात मोटार तापली, घरघरली आणि जाम झाली. वल्ही मारत आम्ही काठाला लागेस्तोवर दीड तास गेला. बाळ होडीतच जन्मलं. रडलं नाही...

जाम झालेली मोटार मी जुन्नरला नेली. लतीफभाई पंखा काढत होते तेवढ्यात यमुनाचा नवरा आला. काय वाट्टेल ते बोलला. लतीफभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी पिंपातल्या पाण्याकडं बघत राहिलो. ते त्याला म्हणाले, "बसा भाऊ, पाणी घ्या." तो थुंकून निघून गेला. मग पिन ओढून काढत लतीफभाई इतकंच म्हणाले, "पिन मी अशी नाय वाकवत, सखाराम." आणि जुना पंखा परत बसवून दिला.

ते का गप्प राहिले? थोर मन वगैरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपलं कोण ऐकणार, असंही त्यांना वाटलं असेल. होडीवाले त्यांच्याकडं यायचे बंद झाले, ते पुन्हा पंपच भरत बसले. मी मात्र जात राहिलो, चहा पीत राहिलो. लाज वाटायची, पण मी सांगितलं नाही.

मातीला गेलो तेव्हाही भाभींपुढं, लतीफभाईंच्या बायकोपुढं, तोंड उघडलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र होडी घेऊन वाडीत गेलो. यमुना ओट्यावर तांदूळ निवडत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजी मिस्त्रीनं नव्हता बसवला?"

"न्हाई. त्यांनी नको म्हणून सांगितलं व्हतं. मी बसवला."

तिचा हात सुपात तसाच राहिला. मला वाटलं, आता सूप फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्यांच्या दुकानापुढं उभी राहून तळतळाट दिला व्हता, भाऊ. भर बाजाराच्या दिवशी. तुझंबी असंच व्हईल म्हणलं व्हतं. ते आत बसून ऐकत व्हते... तवा तुमी कुठं व्हता?"

 मग तिनंच विचारलं, "त्यांच्या घरी कोण हाय आता?"

"भाभी हायेत."

ती उठली. सूप आत ठेवलं, दाराला कडी घातली. मी म्हणालो, "चला, सोडतो. वीस मिनिटांत मढला पोचू."

"तुमच्या होडीत नाय."

ती काठाकाठानं चालायला लागली. मी रिकामी होडी तिच्या बाजूनं नेत राहिलो. दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. शेवटी मी मोटार बंद केली आणि तिथंच पाण्यात बसून राहिलो, आणि ती डोक्यावर पदर घेऊन जुन्नरच्या दिशेनं चालत गेली, लतीफभाईंच्या बायकोची माफी मागायला. माझ्या वाट्याची.