पिंपातलं पाणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. महिन्यापूर्वी मालतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं... आणि मग स्वतःचीच किळस आली.

बाई बदलापूरच्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. माझा अंबरनाथला दगड फोडण्याचा धंदा. जांभूळच्या पलीकडे टेकडीत काळ्या कातळाखाली मऊ, मातकट थर होता आणि त्यात दगड झालेलं कासव. सुरुंग लावला असता तर हाडांचा भुगाच झाला असता. म्हणून बाईंनी उल्हासनगरहून फुगणारी पावडर आणवली. कातळात ओळीनं भोकं पाडायची, पावडर पाण्यात कालवून ओतायची. रात्रभरात ती फुगते आणि आवाज न होता कातळ तडकतो. मग वरचे तुकडे पहारीनं उचलायचे, हाडांजवळ मात्र फक्त छिन्नी.

"पाणी बर्फाचं हवं, भाऊ. तापलं तर कालवलेला मसाला भोकातून उडतो."

"बर्फाचंच घेतो. उरलं तर सरबत करू," मी म्हणालो होतो.

त्या दिवशी बर्फाचा टेम्पो आलाच नाही. ऊन चढलेलं, भोकं पाडायला भाड्यानं आणलेला कंप्रेसर संध्याकाळी परत द्यायचा होता. मी उन्हात तापलेल्या पिंपातलं पाणी घेतलं, पावडर कालवून भोकांत ओतली. बाई खाली हाडं जपायला त्यांवर प्लास्टरमध्ये भिजवलेली गोणपाटं चढवत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "येऊ का वर?" मी म्हणालो, "या, सगळं शांत आहे." घाम पुसायला त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाशी भोकातून मसाला उडाला...

उजवा डोळा गेला. दवाखान्यात पट्टीखालून त्यांनी पहिलं विचारलं, "भाऊ, पाणी गार होतं ना?"

"बर्फाचंच होतं, बाई."

त्या म्हणाल्या, "मग मीच पावडर चुकीची निवडली. उन्हाळ्याची वेगळी येते." पुढे प्रत्येक वर्गाला त्या आपली ही चूक सांगत राहिल्या. पुन्हा कातळाला हात लावला नाही. कासव अर्धं तिथंच राहिलं.

दर दिवाळीला मी जायचो. कोकम सरबत पुढे ठेवून त्या मिश्कीलपणे विचारायच्या, "बर्फ घालू ना, भाऊ?" आता घरी गेलो तर त्यांच्या भाचीनं तोच पेला आणला. "काका, बर्फ घालू?"

मान हलवली. पेल्याकडे बघत बसलो. बाई, पाणी गार नव्हतं. पावडर तुम्ही बरोबरच निवडली होती. माफ करा... एवढंच तर म्हणायचं होतं.