गाळून टाकलेला गहू

माझ्या सासूबाईंचं, शेवंती राऊळ यांचं, कौतुक करणारी माणसं लालबागमध्ये पैशाला पासरी मिळतील. मी त्यांच्यात कधीच नव्हते. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण आमच्या घरात जे झालं त्याची भलतीच गोष्ट बिल्डिंगभर फिरते आहे आणि ती ऐकून माझं डोकं फिरतं.

आईंची ख्याती होती ती गव्हाच्या सत्त्वाची. घराघरात अशक्त पोराला सत्त्व देतात, पण आईंसारखं कोणाचं होत नसे. उन्हाळ्यात चांगला खपली गहू आणायचा, तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पंचातून पिळून काढायचा. पिळलेलं पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की खाली घट्ट थर बसतो. वरचं पाणी ओतून तो थर उन्हात वाळवायचा आणि पूड करून डब्यात भरायची. सकाळी दुधात शिजवली की पोर वाटी चाटूनपुसून खातं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर आलो, तिथे गच्चीला कुलूप. मग आई खिडकीच्या जाळीत ताटं लावून सत्त्व वाळवायच्या आणि कबुतरांशी दिवसभर भांडायच्या. डबा स्वतःच्या कपाटात, साड्यांच्या मागे. सून वाटून टाकील ही भीती.

बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्या सत्त्वावर वाढली आणि चांगली वाढली. हे खरंच आहे, मी नाकारत नाही. वाढली नाही ती फक्त माझी मुलगी.

मनवा वर्षाची होईपर्यंत गुटगुटीत होती. वरचं अन्न वाढलं आणि पोर उतरू लागली. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, दिवसातून चारदा पातळ शी आणि तिला असा वास की शेजारचे दार लावून घेत. सदा किरकिर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग लोहाचं, मग भूक लागायचं टॉनिक, मग पुन्हा जंताचं. बायकांनी दृष्ट काढली. मी कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे खरं निदान सगळ्यांना आधीपासून माहीत होतं: आईच घरात नसते, तर पोर अंग कसं धरणार? हे माझ्या तोंडावर बोलायची पण कोणाला लाज वाटत नसे.

शेवटी मीच नवऱ्याला, वैभवला, धरून नेलं दादरला, लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर मधुरा वयाने माझ्याएवढीच. तिने मनवाची उंची मोजली, दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर भूल देऊन तोंडातून नळी घातली आणि आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. सीलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. तिने कागदावर आतडं काढून दाखवलं. आतून मखमलीसारखं अस्तर असतं, तेच अन्न शोषून घेतं. या मुलांना गव्हातलं एक प्रथिन सोसत नाही, शरीर त्याच्याशी लढता लढता स्वतःचंच अस्तर सपाट करून टाकतं. मग कितीही खायला घाला, अंगी लागत नाही.

"औषध काय?" वैभवने विचारलं.

"औषध नाही. गहू बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, पाव, सगळं बंद. कायमचं. अस्तर आपोआप भरून येतं आणि मुलं बघता बघता सुधारतात."

मी घरी येऊन आईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता महाभारत होणार. पण आईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. कणकेचा डबा त्यांनीच शेजारी नेऊन दिला. कुरडया दिल्या. नवा तवा आणायला लावला. खालच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला मनवाच्या हातावर शिरा ठेवला, तर आईंनी तो काढून घेतला आणि चारचौघींत म्हणाल्या, "रव्याचा हा. तिका चलत नाय." उभ्या आयुष्यात ज्या बाईने प्रसादाला नाही म्हटलं नाही, ती हे म्हणाली. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला.

पण मनवा सुधारेना. महिने गेले. वजन तसंच, पोट तसंच, उंचीची रेघ तर जमिनीला समांतर. मी वेड्यासारखी चोर शोधू लागले. गिरणीत तांदळाच्या आधी गहू दळला असेल म्हणून घरघंटी आणली. वैभव तिला गुपचूप वडापाव देतो म्हणून त्याच्याशी भांडले. शेजारच्या रखमाकाकूंनी बिस्कीट दिलं असणार म्हणून त्यांच्याशी तोंड वाजवलं. डॉक्टर मधुरालाही माझा संशय येत होता. ती सरळ म्हणाली नाही, पण "नक्की काही देत नाही ना?" हे तिने इतक्या तऱ्हांनी विचारलं की मला रडू आलं. मग ती म्हणाली, "हे असंच राहिलं तर वेगळाच आजार असेल असं धरावं लागेल. पुन्हा भूल, पुन्हा नळी. कदाचित स्टेरॉइड. त्याआधी एकदा आजींना घेऊन या. दिवसभर मुलगी त्यांच्याकडे असते ना?"

आई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. डॉक्टरने त्यांना खुर्ची दिली.

"आजी, सकाळपासून मनवा काय काय खाते ते सांगा. मी ओरडणार नाही."

"तांदळाची भाकरी. भात, मासे. सोलकढी आवडता तिका. केळा. पाव नाय, बिस्कीट नाय, चपाती तर घरात येतच नाय," आई बोटांवर मोजत म्हणाल्या. "आणि धा वाजता वाटीभर सत्त्व. तेच्यावरच तर पोर टिकून हा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "कसलं सत्त्व? नाचणीचं?"

"नाचणीचा कित्याक? गव्हाचा. घरचा हा, इकतचा नाय."

मी ओरडलेच. "आई! गहू बंद, गहू बंद म्हणून मी इतके महिने कोकलतेय!"

"मी गहू खंय दिलंय?" त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "गहू तर मी गाळून टाकतंय गो. तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून सगळो चोथो कबुतरांक घालतंय. खाली रवता तां सत्त्व. तेच्यात गहू खंय रवलो?"

माझ्या डोळ्यांपुढे रोजची दहाची वाटी आली. मी तेव्हा ऑफिसात असते, रविवारी मासळीबाजारात. डबा साड्यांच्या मागे; कणकेबरोबर तोही गेला असं मी धरून चालले होते. आणि पोर खंगत गेली तशी वाटी मोठी होत गेली असणार, कारण आईंचा जीव होता तिच्यावर. चोर बाहेर नव्हताच. घरातली सगळ्यात मायेची व्यक्ती रोज स्वतःच्या हाताने तिला विष भरवत होती आणि वर देवापुढे दिवा लावत होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाली, "आजी, तुम्ही गाळून टाकता तो कोंडा. हिला जे बाधतं ते पांढऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतंच. दुसऱ्या मुलांना त्याने काही होत नाही. हिला सगळ्यात जास्त त्रास त्यानेच झाला."

आईंनी विचारलं, "ह्यां एका घरात दोघांक होता काय?"

"होऊ शकतं. रक्ताच्या नात्यात असतं. का हो?"

"वैभवाच्या आधी माका एक चेडू होता. रतन." वैभवच्या आधी एक मुलगी! मला या घरात येऊन दहा वर्षं झाली, हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "पोट असाच. जुलाब असेच. मिलच्या डॉक्टरान सांगितलेला, अशक्तपणा हा, खावक घाला. दुसरा काय पोटात ठरत नव्हता म्हणान मी सत्त्वच घालत होतंय. चार वर्षांचा झाला आणि गेला."

"आजी, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. वेगळंही काही असू शकतं. तेव्हा या तपासण्याच नव्हत्या."

"म्हणजे नाय असा पण सांगूक येवचा नाय," आई म्हणाल्या.

त्यांना सुनावायचे शब्द मी महिनोन्‌महिने साठवले होते. आता हक्काने बोलता आलं असतं, आणि समोर भांडायला माणूसच उरलं नव्हतं. मला त्याचाही राग आला. घरी येऊन आईंनी साड्या बाजूला केल्या आणि डबा कचऱ्यात उपडा केला.

मनवा महिन्याभरात बदलली. शी बांधून होऊ लागली, पोट आत गेलं, दिवाळीला घेतलेला फ्रॉक संक्रांतीला होईना. आणि बिल्डिंगमध्ये बोललं जाऊ लागलं, की शेवंतीकाकूंच्या सत्त्वाचा गुण आला बरं का, उशिरा आला पण आला. रखमाकाकू तर नातवासाठी वाटी घेऊनच दारात उभ्या.

"मी आता करत नाय," आई म्हणाल्या.

"असं काय काकू? मनवाने बघा कसं अंग धरलंय तुमच्या सत्त्वावर!"

"तां खावन ती मरत होती," आई म्हणाल्या. "माझा रतन तेच्यानच गेला असात."

रखमाकाकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना मला पॅसेजमध्ये बाजूला घेऊन म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय भरवलंस गं? पाप लागेल." तेव्हापासून लोक सांगतात ती गोष्ट हीच आहे: पोरीला बरं केलं सासूने, आणि सुनेने तिचाच हात थांबवला.

हात थांबला हे मात्र खरं आहे. काल रविवारी मी बांगडे तळले. मनवा ताट घेऊन आजीसमोर जाऊन बसली. काटे काढून द्यायचं काम कायम त्यांचं असे. आता त्या पाण्याचा पेलाही तिच्या हातात देत नाहीत.

"आजी, काटे काढ ना."

"आयेक सांग."

मला बघवेना. "आई, माशाने तिला काही होत नाही हो. डॉक्टरांनी सांगितलंय. भरवा तिला."

"सत्त्वान पण काय होवचा नाय, असाच वाटलेला माका," त्या म्हणाल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं.